मोटारीच्या ब्रेकवरील गंज : दिसणारा आणि न दिसणारा

पावसाळ्यातील सकाळी बंगळुरूच्या चामराजपेट भागातून चालणाऱ्याच्या कानावर एक ओळखीचा आवाज पडतो. रात्रभर रस्त्याच्या कडेला उभी असलेली मोटार सुरू होते, पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे सरकते आणि तिच्या चाकांतून खरखर ऐकू येते. कधी मागच्या चाकातून ‘कट्’ असा आवाज होतो आणि अडकलेली गाडी एकदम सुटते. चाकाच्या फटीतून डोकावल्यास, काल चकचकीत दिसणारी ब्रेकची तबकडी आज नारिंगी-तपकिरी झालेली असते. ब्रेक खराब झाले की काय, अशी शंका वाहनधारकाच्या मनात येते.

या शंकेचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच असते. तबकडीवर एका रात्रीत चढलेला गंज पाच-दहा वेळा ब्रेक दाबताच पुसला जातो. मात्र त्याच चाकात, नजरेआड असलेल्या काही जागी, दुसऱ्या प्रकारचा गंज महिनोन्‌महिने वाढत असतो. तो आवाज करत नाही, दिसत नाही आणि आपोआप निघतही नाही. घाटाच्या उतारावर किंवा अचानक समोर आलेल्या माणसाला वाचवताना गाडी दगा देते ती बहुधा या दुसऱ्या गंजामुळे. या दोहोंतील फरक ओळखणे ही ब्रेकच्या देखभालीची पहिली पायरी होय.

उभ्या गाडीचा रोग

चामराजपेट ही बंगळुरूच्या जुन्या पेठेबाहेर आखून वसवलेली एक आरंभीची वसाहत आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांचे नाव मिळालेली ही वसाहत १८९२ मध्ये स्थापन झाली. सरळ रस्ते आणि काटकोनातील चौक अशी तिची रचना असली, तरी त्या काळी मोटारगाडी भारतात आलेली नव्हती. त्यामुळे येथील जुन्या घरांना मोटार ठेवण्याची जागा असणे दुर्मीळ, आणि बहुतेक गाड्या उघड्यावर, झाडांखाली उभ्या राहतात. नैऋत्य मोसमी पाऊस आणि परतीचा पाऊस असे दोन्ही पाऊस या शहराला मिळतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे येथील सर्वाधिक पावसाच्या महिन्यांत मोडतात.

गाडी उभी राहण्याची कारणेही वाढली आहेत. जून २०१७ मध्ये चामराजपेटच्या वेशीवर कृष्णराजेंद्र मार्केट हे मेट्रोचे स्थानक सुरू झाले आणि शहराच्या उत्तर-दक्षिण भागांत जाण्यासाठी गाडी काढण्याची गरज अनेकांना उरली नाही. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा लाखो गाड्या आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहीत. त्यानंतर माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात घरून काम करण्याची पद्धत रुळली आणि आठवड्यातून एकदाच बाहेर पडणारी गाडी हे बंगळुरूतील नेहमीचे चित्र बनले.

येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. रोज धावणारी गाडी झिजते हे खरे. पण ब्रेकच्या बाबतीत उभी राहणारी गाडी अधिक लवकर बिघडते. ब्रेक हे असे यंत्र आहे की ज्याची स्वच्छता त्याच्या वापरातूनच होते. वापर थांबला की स्वच्छता थांबते आणि गंजाला मोकळे रान मिळते.

गंज चढतो कसा

लोखंडावर गंज चढण्यासाठी पाणी आणि प्राणवायू या दोहोंची गरज असते. पाण्याचा पातळ थर लोखंडावर बसला की धातूचे काही भाग विरघळू लागतात आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन लोहाचा जलयुक्त ऑक्साइड, म्हणजेच गंज, तयार होतो. त्यासाठी पाऊसच पडावा लागतो असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया वेग घेऊ लागते. पाण्यात मीठ असेल तर वेग आणखी वाढतो. म्हणूनच मुंबई, रत्नागिरी, मालवण किंवा पणजी येथील गाडी नागपूर किंवा सोलापूर येथील गाडीपेक्षा लवकर गंजते. बंगळुरू समुद्रापासून दूर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेत मीठ नाही, पण दमटपणा भरपूर आहे. कन्नडमध्ये गंजाला ‘तुक्कू’ म्हणतात आणि चामराजपेटशेजारच्या कलासिपाळ्य व जे. सी. रोड या सुट्या भागांच्या बाजारात हा शब्द वारंवार कानी पडतो.

ब्रेकची तबकडी, म्हणजे डिस्क, ही बहुतेक मोटारींत करड्या बिडाची असते. या बिडात तीन ते चार टक्के कार्बन असतो आणि त्यातील बराचसा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता झटपट वाहून नेतात आणि कंप शोषून घेतात. शिवाय बीड स्वस्त असते आणि सहज ओतता येते. दुचाकींच्या डिस्क बहुधा न गंजणाऱ्या पोलादाच्या असतात, मग मोटारींच्या का नसतात, असा प्रश्न पडू शकतो. मोटारीचे वजन अनेक पटींनी अधिक असल्याने ब्रेक लावताना प्रचंड उष्णता निर्माण होते आणि न गंजणारे पोलाद ती उष्णता बिडाइतक्या सहजतेने वाहून नेत नाही. गंजण्याचा दोष पत्करून बीड वापरले जाते ते यासाठी. त्यावर रंग किंवा तेल लावून संरक्षण करता येत नाही, कारण ज्या पृष्ठभागावर घर्षण व्हायचे तो उघडाच असावा लागतो.

गंजाचा आणखी एक गुण या विषयात महत्त्वाचा ठरतो. ज्या लोखंडापासून गंज तयार होतो त्यापेक्षा तो कितीतरी अधिक जागा व्यापतो. उघड्या पृष्ठभागावर याने फारसे बिघडत नाही. पण दोन भाग एकमेकांत घट्ट बसवलेले असतील, तर फुगणारा गंज त्यांच्यातील बारीकशी मोकळी जागा भरून काढतो आणि सरकणारे भाग जाम होतात. ब्रेकमधील घातक गंजाची सारी कहाणी या एका गुणात आहे.

डिस्कवरील गंजाची परीक्षा

रात्रीच्या दवाने, पावसाने किंवा गाडी धुतल्याने डिस्कवर आलेला पातळ गंज हा वरवरचा असतो. ब्रेक दाबल्यावर पॅड डिस्कवर घासतात आणि तो निघून जातो. मोकळ्या व सुरक्षित रस्त्यावर ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने जाताना, मागे वाहन नाही हे पाहून, आठ-दहा वेळा हलकेच ब्रेक लावल्यास पृष्ठभाग पुन्हा चकचकीत होतो. त्यासाठी गॅरेज गाठण्याची आवश्यकता नसते.

गाडी काही आठवडे किंवा महिने उभी राहिली तर मात्र हा गंज खोलवर जातो. पॅड ज्या जागी डिस्कला टेकलेले असतात तेथे ओलावा अडकून राहतो आणि डिस्कवर पॅडच्या आकाराचा ठसा उमटतो. अशी गाडी चालवल्यास चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पेडल पायाखाली थरथरते. डिस्कच्या बाहेरील कडेला, जेथे पॅड पोहोचत नाही, तेथे गंजाचा उंचवटा तयार होतो आणि कालांतराने तो पॅडला घासून कर्कश आवाज येतो.

अशा वेळी डिस्क वाचेल की बदलावी लागेल, हे डोळ्यांनी ठरवू नये, मोजून ठरवावे. बहुतेक डिस्कवर तिची किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. उदाहरणार्थ, नवी डिस्क २२ मिलिमीटर जाडीची असेल तर किमान जाडी साधारण २० मिलिमीटर असते. गंजाचे खड्डे लेथवर काढून टाकल्यानंतरही डिस्क या मर्यादेच्या वर राहणार असेल, तरच ती लेथवर चढवण्यात अर्थ आहे. मर्यादेखाली गेलेली डिस्क उष्णता सामावून घेऊ शकत नाही आणि तिला तडे जाण्याचा धोका असतो. डिस्क नेहमी जोडीने बदलावी. एका चाकाला नवी आणि दुसऱ्या चाकाला जुनी डिस्क असल्यास ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढू शकते.

नजरेआडच्या पाच जागा

पहिली जागा कॅलिपरच्या सरकत्या पिनांची. सर्वसाधारण मोटारींच्या पुढच्या चाकांतील कॅलिपरमध्ये एकाच बाजूला पिस्टन असतो. तो आतील पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरील पॅड दुसऱ्या बाजूने दाबतो. या पिनांवरील रबरी आवरण फाटले की पाणी आत शिरते, ग्रीस वाहून जाते आणि पिना गंजून अडकतात. मग आतील पॅड झपाट्याने झिजतो आणि बाहेरील जवळपास नवाच राहतो. दोन्ही पॅडच्या झिजेत असा मोठा फरक दिसला, तर पिना तपासणे अनिवार्य ठरते.

दुसरी जागा पॅडच्या टोकांची. पॅडची पोलादी पाठ आपल्या दोन टोकांनी ब्रॅकेटमधील खाचेत बसते. खाचेत गंज फुगला की पॅड पुढे सरकत नाही, किंवा पुढे गेलेला मागे येत नाही. मागे न आलेला पॅड डिस्कला सतत घासत राहतो. इंधन अधिक लागते, चाक तापते आणि जळका वास येतो.

तिसरी जागा हबची. डिस्क ज्या चकतीवर बसते तिच्यावर गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क सरळ बसत नाही. हा तिरकेपणा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका असला तरी काही हजार किलोमीटरनंतर डिस्कची जाडी असमान होते आणि पेडल थरथरू लागते. नवी डिस्क बसवूनही थरथर परत येते अशी तक्रार असल्यास, बहुतेक वेळा हब साफ न करताच डिस्क बसवलेली असते.

चौथी जागा मागच्या ड्रमची आणि हँडब्रेकची. भारतातील अनेक लहान मोटारींना आजही मागे ड्रम ब्रेक असतात. ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवला की ब्रेक शूचे लायनिंग ड्रमला टेकून राहते आणि दोहोंमधील ओलाव्यामुळे ते गंजाने चिकटते. सकाळी ऐकू येणारा ‘कट्’ हा आवाज ते सुटल्याचा असतो. फार दिवस चिकटलेले लायनिंग जोर लावल्यास शूपासून उखडून येते. हँडब्रेकची तार आपल्या नळीत गंजली तर ओढलेला हँडब्रेक पूर्ण सुटत नाही आणि चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

पाचवी जागा ब्रेकच्या पोलादी नळ्यांची आणि त्यांतील ब्रेक ऑइलची. गाडीच्या तळाशी बसवलेल्या या नळ्यांवर चिखल साचतो आणि विशेषतः क्लिपांच्या मागे गंज लागतो. थंड प्रदेशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाते आणि तेथे हा प्रश्न गंभीर आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने जुन्या ट्रकांच्या गंजलेल्या ब्रेक नळ्यांची २०१० ते २०१५ अशी पाच वर्षे चौकशी केली. गाडीचा तळ नियमितपणे धुवावा आणि नळ्यांची तपासणी करून घ्यावी, असे आवाहन त्यानंतर वाहनधारकांना करण्यात आले. भारतात बहुतेक ठिकाणी रस्त्यांवर मीठ टाकले जात नसले तरी कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवरील खाऱ्या हवेत तोच परिणाम संथपणे घडतो.

नळ्यांना आतूनही धोका असतो. सर्वसाधारण ब्रेक ऑइल हे नावाला ऑइल असले तरी ते ग्लायकॉल वर्गातील द्रव आहे आणि ते हवेतील पाणी शोषून घेते. त्यामुळे नळ्या, पिस्टन आणि मास्टर सिलिंडर आतून गंजू लागतात. त्याचबरोबर द्रवाचा उत्कलनबिंदूही उतरतो. डॉट ३ दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या अवस्थेत तो १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ अंश असे आहेत. लांब उतारावर ब्रेक तापून द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पेडल तळापर्यंत जाते आणि गाडी थांबत नाही.

आठ मीटरांचा प्रश्न

गंजाने ब्रेक ‘थोडे कमी लागतात’ याचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे साध्या गणिताने समजते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी चांगल्या ब्रेकने दर सेकंदाला सात मीटर प्रतिसेकंद या दराने मंदावते असे मानले, तर ब्रेक लागल्यापासून ती सुमारे २० मीटरांत थांबते. अडकलेल्या पिना आणि पॅडांमुळे हा दर पाचवर आला तर तीच गाडी थांबायला सुमारे २८ मीटर लागतात.

आठ मीटर म्हणजे दोन लहान मोटारींची लांबी. मात्र खरा फरक अंतरातून नव्हे, वेगातून कळतो. पहिली गाडी जेथे पूर्ण थांबलेली असते, त्या ठिकाणी दुसऱ्या गाडीचा वेग अजून ताशी सुमारे ३२ किलोमीटर असतो. त्या जागी रस्ता ओलांडणारे मूल असेल, तर पहिल्या गाडीच्या चालकाला नुसती धडकी भरते आणि दुसऱ्या गाडीकडून जीवघेणा अपघात घडू शकतो. शहरातील रोजच्या संथ वाहतुकीत हा फरक जाणवत नाही, कारण तेथे ब्रेकची पूर्ण ताकद क्वचितच लागते. ती लागते तो क्षण पूर्वसूचना देऊन येत नाही.

गंज काढण्याची योग्य रीत

नजरेआडचा गंज काढण्यासाठी चाक उतरवून ब्रेक खोलावा लागतो. हे काम प्रशिक्षित मेकॅनिककडून करून घेणेच श्रेयस्कर. तरीही काम कसे व्हायला हवे याची माहिती वाहनधारकाला असल्यास त्याला योग्य ते प्रश्न विचारता येतात.

गाडी केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवली जाते आणि खाली राहिलेल्या चाकांना ठोकळे लावले जातात. ब्रेकमधील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती टाळावी. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसांना अपायकारक असतात. ब्रेक क्लीनरचा फवारा मारून किंवा धूळ ओली करूनच साफसफाई केली जावी.

सरकत्या पिना बाहेर काढून पुसल्या जातात. त्यांवर खड्डे पडलेले असतील तर त्या बदलाव्या लागतात. अन्यथा ब्रेकसाठीचे खास सिलिकॉन ग्रीस लावून त्या पुन्हा बसवल्या जातात. नेहमीचे खनिज तेलाचे ग्रीस येथे चालत नाही, कारण ब्रेकमधील रबर त्याने फुगते आणि पिना पुन्हा अडकतात. ब्रॅकेटमधील खाचा आणि पॅडची टोके वायर ब्रश व कानसीने धातू दिसेपर्यंत साफ केली जातात. पॅड हाताने सहज सरकला पाहिजे, ही त्याची साधी कसोटी.

हबवर अडकलेली डिस्क हातोड्याचे घाव घालून काढण्याची गरज नसते. अनेक डिस्कना यासाठीच आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत बोल्ट पिळत गेल्यास डिस्क सरळ बाहेर येते. त्यानंतर हबचा पृष्ठभाग वायर ब्रशने घासून घेतला जातो. ड्रममधील गंज पॉलिश पेपरने काढला जातो आणि शूचे अंतर साधणाऱ्या स्क्रूचे आटे मोकळे केले जातात.

ब्रॅकेट, डिस्कचा मधला भाग यांसारख्या घर्षण न होणाऱ्या भागांवर गंज रूपांतर करणारे द्रावण वापरता येते. त्यातील टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून काळा, टिकाऊ थर तयार करते. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई तयार केली जात असे, त्यामागील रसायन हेच. फॉस्फरिक आम्लाची द्रावणेही मिळतात. त्यावर उष्णतारोधक रंग दिल्यास संरक्षण दीर्घकाळ टिकते. डिस्कच्या घर्षणाच्या पृष्ठभागावर मात्र यांतील काहीही लागता कामा नये.

हे टाळावे

गंज दिसला की तेल मारण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. बिजागरीला ती योग्य असली तरी ब्रेकला घातक आहे. डिस्कवर तेलाचा फवारा गेल्यास पॅड ते शोषून घेतात आणि घर्षणच नाहीसे होते. असे पॅड साफ करून भागत नाही, बदलावे लागतात. काही वॉशिंग सेंटरांत गाडी धुतल्यानंतर तळाला डिझेल किंवा जुने ऑइल मारले जाते. ते ब्रेकवर आणि रबरी पाइपांवर उडते. ही फवारणी नाकारण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि तो त्याने बजावावा. तळाला गंजरोधक लेप देताना चारही चाकांतील ब्रेक झाकले आहेत याची खात्री करून घ्यावी.

शौचालय साफ करण्याचे तीव्र आम्ल वापरून डिस्क चमकवण्याचा प्रकारही टाळावा. आम्ल गंजाबरोबर चांगला धातूही खाते, फटींत शिरते आणि काही दिवसांत अधिक जोमाने गंज आणते. लांब पल्ल्याच्या प्रवासानंतर तापलेल्या डिस्कवर लगेच थंड पाण्याचा मारा करणेही अयोग्य. त्याने डिस्क वाकू शकते.

चिकटलेला हँडब्रेक सोडवताना इंजिन गर्जवून गाडी ओढू नये. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये आळीपाळीने हलका झोका दिल्यास ती बहुधा सुटते. न सुटल्यास मेकॅनिकला बोलवावे.

सोपे प्रतिबंध

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गाडी चालवणे. आठवड्यातून किमान एकदा दहा-पंधरा किलोमीटरची फेरी मारून ब्रेक नीट वापरल्यास डिस्क आणि पिना दोन्ही मोकळ्या राहतात. गाडी जागेवर सुरू करून ठेवल्याने ब्रेकला काहीही लाभ होत नाही.

गाडी धुतल्यानंतर किंवा साचलेल्या पाण्यातून आल्यानंतर ती लगेच उभी करू नये. थोडे अंतर हळू चालवत हलके ब्रेक लावले की डिस्क आणि ड्रम कोरडे होतात. गाडी अनेक दिवस उभी ठेवायची असेल आणि जागा सपाट असेल, तर हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. उतारावर मात्र हँडब्रेक ओढणे आवश्यकच आहे. पूर्ण गाडी झाकणारे प्लास्टिकचे आवरण ओलावा कोंडून ठेवते. हवा खेळू देणारे कापडी आवरण त्याहून बरे.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी किती किलोमीटर चालली याचा विचार न करता. ते पाणी शोषते ते काळाबरोबर, अंतराबरोबर नव्हे. उघडलेली बाटली कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरू नये. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा चाके उतरवून पिना, पॅड आणि नळ्यांची तपासणी करून घेतल्यास वर्षभराची निश्चिंती मिळते.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूच्या पूर्व भागात पाणी साचून असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाडीचे ब्रेक पाणी ओसरल्यानंतर वरून कोरडे दिसले तरी ते खोलून साफ केल्याशिवाय आणि ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नये. चाकाजवळील सेन्सर आणि त्याचे दातेरी कडे गंजल्यास ब्रेक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणाही बंद पडू शकते. मीटरमधील पिवळा दिवा पेटता राहिल्यास तो याचा इशारा असू शकतो.

विजेवरील गाड्यांचा नवा पेच

विजेवर चालणाऱ्या मोटारींनी हा जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आणला आहे. या गाड्यांचा वेग कमी करताना मोटरच जनित्राचे काम करते आणि ऊर्जा बॅटरीत परत जाते. त्यामुळे घर्षणाचे ब्रेक फार कमी वापरले जातात. पॅड वर्षानुवर्षे टिकतात, पण डिस्क पुसली न गेल्याने गंजते. फोक्सवॅगन कंपनीने २०२० मध्ये आणलेल्या आयडी.३ आणि आयडी.४ या विजेवरील गाड्यांना मागे पुन्हा बंदिस्त ड्रम ब्रेक दिले. ते जुनाट समजले जात असले तरी बाहेरच्या पाण्यापासून अधिक सुरक्षित असतात.

डिस्कच सुधारण्याचे प्रयत्नही झाले आहेत. अमेरिकेतील जनरल मोटर्सने २००८ च्या सुमारास काही गाड्यांत विशेष उष्णताप्रक्रिया केलेल्या डिस्क आणल्या. या प्रक्रियेत नायट्रोजन आणि कार्बन बिडाच्या पृष्ठभागात मुरवले जातात आणि गंजाला विरोध करणारा कठीण थर तयार होतो. पोर्शे कंपनीने २०१७ मध्ये टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेल्या डिस्क सादर केल्या. अशा डिस्क अद्याप महाग आहेत. सामान्य गाडीतील बीड गंजतच राहणार, हे गृहीत धरूनच वागणे शहाणपणाचे.

घाटापूर्वीची तपासणी

चामराजपेटच्या झाडाखाली महिनाभर उभी राहिलेली गाडी सणाच्या सुट्टीत बाहेर निघते आणि पहिल्याच दिवशी शिराडी घाट उतरून मंगळूरच्या दिशेने जाते. पुण्या-मुंबईच्या गाड्या अशाच वरंध किंवा आंबोलीचा घाट उतरतात. सर्वांत कमी वापरलेल्या ब्रेकवर सर्वांत मोठे ओझे पडते ते नेमके या प्रवासात.

अशा प्रवासाआधी किमान आठवडाभर गाडी शहरात चालवून पाहावी. ब्रेक लावताना ती एका बाजूला ओढते काय, पेडल थरथरते काय किंवा नेहमीपेक्षा खोल जाते काय, याकडे लक्ष द्यावे. फेरी संपल्यावर चाकांजवळ हात नेऊन, डिस्कला स्पर्श न करता, एखादे चाक इतरांपेक्षा फार गरम आहे काय हे पाहावे. यांपैकी एकही खूण आढळली तर आधी गॅरेज, मग घाट. घाट उतरताना ब्रेकवर सतत पाय न ठेवता खालच्या गिअरचा आधार घ्यावा.

पावसाळी सकाळची ती खरखर तेवढ्यापुरती असते आणि पहिल्या चौकापर्यंत ती थांबतेही. ती थांबल्यावर ब्रेकचा विचारही डोक्यातून गेला, तर पिनांवर आणि नळ्यांवर वाढणाऱ्या गंजाची खबर थेट घाटातच लागते.